मलिक अंबर : गादी नसलेला राज्यकर्ता



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. हातात लोकप्रशासनाचं जाडजूड पुस्तक. मी सहज उघडून पाहिलं. पहिलंच प्रकरण १८८७ सालापासून सुरू होतं, वुड्रो विल्सन यांच्या निबंधापासून. पुढे १९३७ साल, ल्यूथर गुलिक आणि प्रशासनाची ती सात कामं : नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणं, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. मुलाला सगळं तोंडपाठ होतं. मग मी त्याला विचारलं, "बरं, आपलं हे शहर कोणी वसवलं?" तो म्हणाला, "औरंगजेबानं ना?"

दोष त्याचा नाही. चौथीपासून दहावीपर्यंत आपणच त्याला शिकवलंय. त्याच्या पुस्तकातल्या त्या सातही कामांची उदाहरणं त्याच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर दगडात बांधलेली आहेत, आणि हे त्याला आपल्यापैकी कुणी सांगितलंच नाही. म्हणून आजचा पाठ मलिक अंबरचा. सातवीपासून पुढच्या वर्गांना चालेल असा लिहिलाय. पालकांनी घरी वाचून दाखवला तरी हरकत नाही.

बालपण

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. त्या देशाला तेव्हा हबशाण म्हणत, म्हणून तिथून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी हे नाव पडलं. मुलाचं मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडचं मोखा बंदर, तिथून बगदाद, असा त्याचा प्रवास झाला. बाजारात वस्तू फिरावी तसा हा मुलगा फिरत राहिला.

बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने मात्र एक गोष्ट केली, जिचा परिणाम पुढे आपल्या मराठवाड्यावर झाला. त्याने या मुलाला लिहायला-वाचायला शिकवलं. अंबर हे नावही त्याचंच. अंबर म्हणजे एक महागडं सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी रत्नांची, अत्तरांची नावं ठेवायची तेव्हा पद्धत होती. याकूत म्हणजे माणिक, संदल म्हणजे चंदन. नाव मौल्यवान वस्तूचं आणि माणूसही वस्तूच. वर्गात इथे जरा थांबा. मुलं फार चांगले प्रश्न विचारतात.

चंगीझखानाच्या वाड्यात

इ.स. १५७० नंतरच्या काळात अंबर दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. (पेशवा म्हटलं की मुलांना शनिवारवाडाच आठवतो. पेशवा हे पद निजामशाहीत आधीपासून होतं आणि त्याचा अर्थ मुख्य प्रधान, हे सांगून टाका. तसंच हा चंगीझखान मंगोलांचा तो नव्हे, हेही सांगा.) हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि गुलाम म्हणूनच या देशात आला होता. त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते, त्यातलाच एक अंबर.

माझ्या मते मलिक अंबरच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, आणि पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात. मुख्य प्रधानाच्या घरात राहणारा, लिहिता-वाचता येणारा, विशीतला तरुण. राज्य कसं चालतं ते तो सिंहासनासमोर उभा राहून शिकला नाही. जिथे पत्रं लिहिली जातात, फौजेची हजेरी घेतली जाते, किल्ल्यांवर धान्य पाठवण्याचे हुकूम निघतात, महसूल आला की मोजला जातो, तिथे राहून तो शिकला. आजच्या भाषेत हे प्रत्यक्ष कार्यानुभवाचं शिक्षण झालं.

आणि तिथेच त्याने दुसराही धडा पाहिला. १५७५ च्या सुमारास सुलतान मुर्तझा निजामशहाच्या मनात चंगीझखानाविषयी संशय भरवला गेला आणि या कर्तबगार पेशव्याला विष देण्यात आलं. इतका मोठा कारभारी, पण राजाच्या एका संशयावर संपला. पुढे अंबरने राजाला स्वतःच्या मुठीत ठेवलं, त्याचं मूळ कदाचित या घटनेत असावं. हा माझा अंदाज आहे, इतिहास म्हणून शिकवू नका.

चंगीझखानाच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केलं. त्यानंतरची वीसेक वर्षं तो नोकरी शोधत दख्खनभर हिंडला. विजापूरच्या आदिलशाहीत राहिला. तिथेच त्याला 'मलिक' हा किताब मिळाला असं मानतात. पगार वेळेवर मिळेना म्हणून तो आपली माणसं घेऊन परतला. १५९५ च्या सुमारास निजामशाहीत अभंगखान या हबशी सरदाराकडे त्याने चाकरी धरली. हाताखाली होते फक्त दीडशे घोडेस्वार, आणि वय होतं सत्तेचाळीसच्या आसपास.

पालकांनो, दहावीत टक्के कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेण्यापूर्वी हे वय एकदा वाचा.

राज्य नाही, राजा नाही, राजधानी नाही

इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली. बालसुलतान बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. अकबराच्या दृष्टीने निजामशाही संपली.

ज्याची राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला, ते राज्य उरतं कुठे? मलिक अंबरचं उत्तर असं की, कारभार चालू असेल तर राज्य उरतं. राजा नंतर आणता येतो. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण विजापुराकडून शोधून आणला, परंड्याच्या किल्ल्यात (आजच्या धाराशिव जिल्ह्यात) त्याला दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः पेशवा झाला. आपण गादीवर बसायचं नाही हे त्याने पहिल्यापासून ठरवलेलं दिसतं. परदेशातून आलेला, एकेकाळचा गुलाम. त्याला राजा म्हणून कोण मानणार? पण निजामशहाच्या नावाने निघालेला हुकूम मराठे, दख्खनी मुसलमान, हबशी सगळेच मानत होते.

पुढची दहा वर्षं नुसती धावपळीची होती. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज याच्याशी लढाई झाली, अंबर जखमी झाला, पुढे तह झाला. त्याच अवधीत राजू दख्खनी हा निजामशाहीतलाच प्रतिस्पर्धी दौलताबादेकडचा मुलूख धरून बसला होता. त्याला १६०७ च्या सुमारास आवरलं. राजधानी परंड्याहून जुन्नरला, तिथून १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला.

याच १६१० सालातली एक गोष्ट मात्र झाकून ठेवायची नाही. जावई असलेला सुलतान कह्यात राहीना, अंतःपुरात भांडणं झाली, तेव्हा अंबरने त्याला मारवलं आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला, बुऱ्हाण निजामशहाला, गादीवर बसवलं. थोर माणसाचं चरित्र शिकवताना आपण असा भाग गाळतो. गाळू नये. मुलांना तो कळतो, आणि पुढे जे घडलं त्याच्याशी त्याचा संबंधही आहे.

धारा

आता पाठाचा मुख्य भाग. मलिक अंबर म्हटलं की सगळे गनिमी कावा सांगतात. ते खरंच आहे. मोगलांची फौज मोठी, तोफा जड, सामानसुमान अफाट. त्यांच्याशी मैदानात भिडायचं नाही. हलक्या घोडदळाने रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात ओढत न्यायचं. या पद्धतीला बर्गीगिरी म्हणत आणि त्यात मराठा शिलेदार सर्वांत तरबेज होते.

पण असं युद्ध वीस-पंचवीस वर्षं चालवायचं तर त्याला लागतं काय? घोडे लागतात, हे मुलं लगेच सांगतील. घोड्यांना वैरण लागते, स्वारांना भाकरी लागते, शत्रू कुठे आहे ही बातमी लागते. हे तिन्ही येतं गावातून. गाव उठून गेलं, कुणबी परागंदा झाला, तर गनिमी कावा दोन महिने चालणार नाही. म्हणजे शेतकरी जमिनीवर टिकला पाहिजे, ही त्या लढाईचीच गरज होती. त्याची महसूल व्यवस्था मला या दृष्टीने पाहावीशी वाटते. दयाबुद्धीने केलेलं काम म्हणून ती शिकवली की मुलांना गोड वाटते, पण समजत नाही.

त्याआधी बऱ्याच ठिकाणी वसुलीचा मक्ता दिला जाई. यालाच इजारा म्हणतात. मक्तेदार सरकारला ठरावीक रक्कम भरणार आणि रयतेकडून जमेल तेवढं काढणार. त्याला उद्याची फिकीर नाही, कारण पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याचा असू शकतो. मलिक अंबरने हा मक्ता बंद केला. जमिनीची पाहणी केली. बागायत कोणती, जिरायत कोणती, कसदार कोणती, हलकी कोणती, अशी प्रतवारी केली. उत्तरेत अकबराच्या काळी राजा तोडरमलाने केलेल्या व्यवस्थेची त्याला माहिती होती. ती त्याने इथल्या जमिनीला आणि इथल्या गावगाड्याला जुळवून घेतली.

इतिहासकार देतात ते प्रमाण असं : सुरुवातीला पिकाच्या दोनपंचमांश भाग धान्यरूपाने सरकारचा. मग काही वर्षांच्या पिकांचा अनुभव घेऊन त्याचं रोखीत रूपांतर केलं, ते साधारण एकतृतीयांशाच्या आसपास. गणिताच्या तासाला घालता येईल असं उदाहरण आहे. समजा शेतात १०० मण ज्वारी झाली, तर ४० मण सरकारात, ६० मण घरात. मागच्या वर्षी वर्गात एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, चाळीस म्हणजे जास्तच झालं की!" बरोबर बोलली ती. हा कर हलका होता असं मी म्हणणार नाही. पण तो ठरलेला होता, आणि मोठा फरक तिथेच पडतो. किती द्यायचं हे पेरतानाच माहीत असेल, तर माणूस विहीर खणायचा विचार करतो. मक्तेदाराच्या राज्यात जास्त पिकवलं की जास्त ओढून नेणार, मग कोण पिकवील?

पिकाचा अनुभव घेतल्यावर मग रोख रक्कम ठरवणं, ही बाबही लक्षात आणून द्या. आकडा दरबारात बसून ठरला नाही, काही हंगाम पाहून ठरला. आपल्याकडे अजूनही कितीतरी योजना पहिल्या पावसाआधी जाहीर होतात आणि दुसऱ्या पावसात वाहून जातात.

वसुली कुणी करायची? नवे अधिकारी गावोगाव नेमून बसवण्याऐवजी त्याने जुनी गावव्यवस्थाच उभी केली. पाटील गावाचा जबाबदार, कुलकर्णी हिशेबाला. वसुलीच्या कामावर स्थानिक हिंदू कारकून-कामगार आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख. गावाला बांधून ठेवणारा पाटील आणि पाटलाला तपासणारा वरचा अधिकारी. पुस्तकात ज्याला विकेंद्रीकरण आणि नियंत्रण म्हणतात ते हेच. मराठी कागदपत्रांत या आकारणीला मलिकंबरी धारा असं नाव पडलं. राजाच्या नावावरून नव्हे, पेशव्याच्या नावावरून. रयतेला बरोबर माहीत होतं.

खडकी आणि नहर

दौलताबादचा किल्ला अजिंक्य खरा, पण किल्ल्यात शहर मावत नाही. किल्ल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर खाम नदीकाठी खडकी नावाचं छोटं गाव होतं. खडकाळ जागा म्हणून खडकी, असं सांगतात. १६१० मध्ये मलिक अंबरने तिथे शहर वसवायला घेतलं. सरदारांना जागा दिल्या, त्यांनी पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा ही नावं मालोजी, खेलोजी, विठोजी या भोसले मंडळींवरून आली असं मानतात. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. रोज त्या दरवाजाजवळून हजारो रिक्षा जातात, आमची स्कूलबसही जाते. काळी मशीद, नौखंडा महाल हीदेखील त्याच काळातली कामं.

पण खडकीला सर्वांत मोठी अडचण पाण्याची होती. खाम काही बारमाही भरून वाहणारी नदी नाही. मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारं पाणी हेरलं. ते गोळा करायला भूमिगत चर, पुढे दगड-चुन्याची बंदिस्त नळवाट, आणि उतार असा धरलेला की पाणी आपोआप शहराकडे चालत यावं. ठिकठिकाणी वरून उघडी असलेली मनुष्यविवरं ठेवली, म्हणजे हवाही खेळते आणि माणूस उतरून गाळही काढू शकतो. हीच नहर-ए-अंबरी. मोट नाही, रहाट नाही, वीज तर नाहीच. आज आपल्या शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी येतं, ते पंपांनी चढवून आणावं लागतं. वीज गेली की नळ गेला, हे घरोघरी माहीत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी गुरुत्वाकर्षण आणि द्रवाचा दाब शिकवताना हे उदाहरण घ्यावं, अशी माझी विनंती.

इथे एक चूक दुरुस्त करून घ्या. सहलीत मुलांना आपण पाणचक्की दाखवतो आणि ही मलिक अंबरने बांधली असं ठोकून देतो. मीही बरीच वर्षं सांगत होते! पाणचक्कीची नहर वेगळी आहे आणि ती मलिक अंबरनंतर शंभरेक वर्षांनी झाली. अंबरच्या नहरीने रस्ता दाखवल्यावर पुढच्या राज्यकर्त्यांनी या शहरात आणखी नहरी काढल्या, त्यातली ती एक.

आणि हे सगळं काम शांततेत झालेलं नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा. १६१६ मध्ये रोशनगावजवळ मोगलांनी अंबरचा मोठा पराभव केला. लखुजी जाधवांसारखे मातब्बर सरदार त्याआधी मोगलांकडे गेले होते. जिंकलेली फौज खडकीत शिरली आणि तिने शहर जाळलं, पाडलं. अंबरने पुन्हा बांधलं. १६२१ मध्ये शहाजहानच्या (तेव्हाच्या शहजादा खुर्रमच्या) स्वारीत खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. पुन्हा बांधलं. तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

जमिनीवरचे वाडे जळाले, पण नहर जमिनीखाली होती. शहर पुन्हा वसवता आलं याला हेही एक कारण असावं, असं मला नेहमी वाटतं.

जहांगीराचं चित्र

बादशहा जहांगीर मलिक अंबरवर इतका चिडलेला होता की आत्मचरित्रात त्याचं नाव शिवीशिवाय क्वचितच घेतो. अबुल हसन या दरबारी चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे. भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं लावलंय आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नाही. मैदानात जे जमलं नाही ते कागदावर करून घेतलं. आठवी-नववीच्या मुलांना हे चित्र जरूर दाखवा आणि विचारा, चित्र हा पुरावा असतो का? असला तर कशाचा?

१६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी अंबरच्या छावणीत येऊन गेला. त्याच्या टिपणांवरून दिसतं की छावणीत शिस्त कडक होती आणि शिक्षा अतिशय क्रूर होत्या. त्याचा वचक होता, लोक त्याला मानत होते, आणि घाबरतही होते.

भातवडी

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले. अंबरने अहमदनगरजवळच्या भातवडीला मुक्काम ठेवला. तिथल्या तलावाचं पाणी त्याने सोडून दिलं. वाटा चिखलात रुतल्या. मोठी फौज, जड सामान, हत्ती, तोफा सगळं अडकलं. अन्नाची टंचाई झाली, रात्री छापे पडू लागले, छावणीतली माणसं पळून अंबरकडे यायला लागली. मग त्याने हल्ला केला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. पाणी गावाला पोचवायचं कसं हे ज्याला कळत होतं, त्याला ते शत्रूच्या वाटेत सोडायचं कसं हेही कळत होतं.

या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी दोघेही अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच कामी आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने भातवडीचं वर्णन केलंय आणि मलिक अंबरचा गौरवही केलाय.

पण विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे त्याला सोडून विजापूरला गेले. जाधव आधीच गेले होते. इतकं जोडलेलं माणूसबळ सुटत गेलं, कारण सगळ्यांचा संबंध अंबर या एका माणसाशी होता. सरदारांचे मान-अपमान, वाटण्या, रुसवे, सगळं त्याच्याच हातात. गावाच्या महसुलाला त्याने नियम केला होता. दरबाराला नियम केला नाही. जावयाला मारून पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसवला, तेव्हाच तो रस्ता बंद झाला होता.

नंतर

१४ मे १६२६ रोजी, ऐंशीच्या घरात असताना मलिक अंबर वारला. मोगल इतिहासकार मोतमदखानाने, म्हणजे शत्रूच्या दरबारातल्या माणसाने, मृत्यूनंतर त्याची मोकळ्या मनाने स्तुती लिहून ठेवली आहे.

मुलगा फतेहखान पेशवा झाला. खडकीचं नाव फतेहनगर केलं. वडिलांची धमक त्याच्यात नव्हती. ज्याला वडिलांनी गादीवर बसवलं होतं त्या बुऱ्हाणशहाला त्याने ठार केलं, आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षं निजामशाही तगवून धरली, एका लहान मुलाला गादीवर बसवून. पद्धत कुणाची होती ते सांगायला नको. १६३६ मध्ये तीही संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि फतेहनगरचं औरंगाबाद झालं. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.

दहा वर्षांत राज्य नाहीसं झालं. धारा मात्र नाहीसा झाला नाही. पुणे परगण्यात शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव पाहू लागले, तेव्हा उजाड झालेला मुलूख पुन्हा लागवडीला आणताना त्यांनी मलिकंबरी पद्धतीचाच आधार घेतला. पुढे स्वराज्यात शिवाजी महाराजांनी जमीनमोजणी आणि महसुलाची व्यवस्था आणखी पुढे नेली, बरंच काही बदललं, पण पायाखाली हा थर होता. पाटलाला, कुलकर्ण्याला, गावाच्या दप्तराला दौलताबादेवर झेंडा कुणाचा याने फारसा फरक पडला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात पेरणी होती आणि वही उघडायचीच होती.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, पण परीक्षेत विल्सनच विचारतात." मी म्हटलं, विल्सन लिहून ये, आणि येताना भडकल दरवाजावरून ये.

सहलीसाठी

एका दिवसात होते. सकाळी भडकल दरवाजा, मग दौलताबाद, तिथून खुलताबाद, वेळ उरला तर वेरूळला मालोजीराजांची गढी. डबा भद्रा मारुतीच्या परिसरात खाता येतो, सावली आहे. खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळच मलिक अंबरचा मकबरा आहे. शेजारीच त्याची पत्नी बीबी करीमा हिचा. औरंगजेबाची कबर बघायला माणसं येतात, इकडे सहसा कुणी फिरकत नाही, त्यामुळे मुलांना निवांत बसवून बोलता येतं. मुलांना टोपी आणि पाण्याची बाटली जरूर आणायला सांगा.

मागच्या सहलीत परत येताना सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग ती नहर आता कुठे गेली?" आम्ही बस थांबवली. ज्यांना उतरायचं होतं ते उतरले. हर्सूलच्या बाजूला एका जाणत्या काकांनी आम्हाला जुनं मनुष्यविवर दाखवलं, गवतात अर्धं बुजलेलं. मुलाने आडवं पडून आत खडा टाकला आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. थोड्या वेळाने खालून आवाज आला. पाण्याचा होता.